दारात चालणारी गाडी

त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. शिक्षण नववी नापास. पण काम रक्ताचं. शहरभरच्या छोट्या दवाखान्यांतून रक्त-लघवीचे नमुने बर्फाच्या पेटीत गोळा करायचे आणि मोटारसायकलवरून मोठ्या लॅबला पोचवायचे. त्यात छंद गाड्या बऱ्या करण्याचा. चालू इंजिनाला लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निदान सांगायचं. निदान बहुतेक वेळा बरोबर निघायचं. चुकलं की तो म्हणायचा, "गाडी खोटं बोलली." असं नाव पडल्यावर कुणाचीही मान ताठ होईल. याची मुळातच ताठ होती, नावानं ती आणखी ताठली.

त्या दिवशी सकाळी सात वाजता तो जिन्याखाली जुनी चादर अंथरून आपल्याच गाडीपुढे बसला होता. साडेदहाला निघायचं होतं. एकच्या आत पेटी लॅबच्या खिडकीत पोचायला हवी होती. लॅबचा नियम साधा: दोन महिन्यांत तीन वेळा उशीर झाला की लाइन गेली. लाइन म्हणजे ठरलेले दवाखाने, ठरलेला रस्ता, म्हणजेच पोट. हा नियम ज्यांनी केला त्यांनी आयुष्यात कधी पेटीचा पट्टा खांद्यावर घेतलेला नाही, पण ते असो. डॉक्टरचे दोन उशीर झाले होते. आज तिसरा झाला की सतरा वर्षांचं काम संपलं.

दोन्ही वेळा गाडीनं एकाच रस्त्यावर दगा दिला होता. मालगाड्यांच्या यार्डाच्या भिंतीला लागून अकरा किलोमीटरचा सरळ रस्ता आहे. ना दुकान, ना झाड, ना माणूस. त्या रस्त्यावर सात-आठ किलोमीटर गेलं की गाडी आधी मिसिंग करायची, म्हणजे मधले ठोके गाळायची, मग दोन आचके द्यायची आणि मरायची. किक मारून पाय सुजले तरी ढिम्म. मग हा उतरून प्लग काढणार, पुसणार, कार्बोरेटरखालचा स्क्रू सैल करून पेट्रोल सांडणार, नळी हलवणार, टाकी उघडून आत बघणार. वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी अशी चालू व्हायची की जणू काही झालंच नव्हतं. पहिल्या वेळी त्याला वाटलं प्लग होता. दुसऱ्या वेळी वाटलं कचरा होता.

आणि घरी? घरी गाडी शहाण्या लेकीसारखी. एका किकेत चालू.

"पेट्रोलचा रस्ता कुठंतरी अडतोय," तो मोठ्यांदा म्हणाला. "आज शोधल्याशिवाय उठत नाही."

"चहा पिण्यापुरते तरी उठा," वरून आवाज आला. त्याची बायको पहिल्या मजल्याच्या गॅलरीत शिलाई मशीन टाकून बसायची. लोकांच्या परकरांच्या दुमडी आणि शाळेच्या गणवेशांची बटणं यांच्यामधून तिला गल्लीतलं सगळं दिसायचं. नवराही त्यातच आला.

डॉक्टरनं रीतसर तपासणी सुरू केली. शिस्तीचा माणूस. आधी टाकीचं झाकण किल्लीनं काढून सीटवर ठेवलं आणि आत पाहिलं. काठोकाठ पेट्रोल. लांबचा रस्ता म्हणून तो टाकी नेहमी फुल्ल ठेवायचा. मग नळी कार्बोरेटरपासून उपसून एका बाटलीत सोडली आणि टाकीखालचा कॉक उघडला. पेट्रोल करंगळीएवढ्या धारेनं पडलं. बाटली मिनिटात निम्मी झाली.

"टाकी ठीक. कॉक ठीक. नळी ठीक," त्यानं निकाल दिला.

मग फिल्टर काढून तोंडानं फुंकला. आरपार. मग कार्बोरेटर खाली उतरवला आणि त्याची वाटी उघडली. तळाशी मोहरीएवढा एक काळा कण सापडला. तो त्यानं बोटावर घेऊन उन्हात धरला, चोर पकडल्यासारखा. पेट्रोल जिथून उडतं त्या जेटचं केसाएवढं भोक उजेडासमोर धरून पाहिलं, तरी खात्रीसाठी वायरीतली तांब्याची एक तार काढून आरपार घातली. वाटीत तरंगणारा फ्लोट हलवून पाहिला, पाण्यात बुडवून पाहिला, बुडबुडा आला नाही. फ्लोटची सुई बदलली. प्लगही नवा लावला, कारण आज कुठलीच उधारी शिल्लक ठेवायची नव्हती.

नऊ वाजता सगळं जोडून त्यानं किक मारली. गाडी चालू. अर्धा तास तिथंच उभी करून, अधूनमधून मूठ पिळत, त्यानं ती चालवली. आवाज एकसारखा. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून डोळे मिटले. ठणठणीत.

"अहो, टाकीला झाकण घाला की," बायको वरून म्हणाली. "पेट्रोलच्या वासानं माझं डोकं उठलंय. गिऱ्हाइकाच्या कपड्यांना वास लागेल."

"थांब जरा."

"आणि रस्त्यावर काय तुम्ही अशी उघडी टाकी घेऊन फिरता? जशी रस्त्यावर चालवता तशीच चालवून बघा ना. एक फेरी मारून या लांब."

"तुझ्या मशीनच्या दोऱ्यात मी कधी बोट घालतो का?"

"नाही घालत."

"मग?"

 तिच्या मशीनचा पाय जरा जोरात पडायला लागला.

आता मध्येच एक मागची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जिन्याखाली दोन गाड्या उभ्या असायच्या. एक याची, दुसरी लंबूची. लंबू म्हणजे शेजारच्या खोलीतला, याच लॅबचा पेटीवाला, सहा फुटांचा, बोलायला कमी आणि हसायला तयार. दोघांची पंधरा वर्षांची यारी. गच्चीवरची टाकी रोज सकाळी भरून वाहायची आणि तिचा जादा पाण्याचा पाइप नेमका या दोन गाड्यांवर थुंकायचा. घरमालकाला सांगून दोघांची जीभ झिजली. गेल्या वर्षी एकदा झाकणातून पाणी टाकीत गेलं आणि दोघांच्या गाड्या एकाच सकाळी बंद पडल्या. तेव्हा डॉक्टरनं इलाज केला. टाकीच्या झाकणात टाचणीच्या टोकाएवढं एक भोक असतं. पाणी तिथूनच जातंय, हे त्यानं शोधून काढलं. नळकाम करणारे दोन रंगांचे गोळे मळून पाइपाच्या भेगेत भरतात, दगड होतो त्याचा. तो मसाला आणून त्यानं आतल्या बाजूनं ते भोक बुजवलं, वर सायकलच्या ट्यूबची कापलेली चकती बसवली. आधी आपलं झाकण, मग लंबूचं. इतकं सुबक काम की लंबू म्हणाला, "कंपनीवाल्यांना जमलं नसतं रे हे." डॉक्टर पुढं महिनाभर ते झाकण दवाखान्यातल्या कंपाउंडरांनासुद्धा दाखवत होता. आणि खरंच, त्यानंतर पाण्याचा थेंब आत गेला नाही.

यार्डाचा तो लांब रस्ता तेव्हा लंबूच्या लाइनीत होता. डॉक्टरची लाइन बाजारातली. दर किलोमीटरला एक दवाखाना, चढ-उतर, थांब-चाल.

चारेक महिन्यांपूर्वी लंबूची गाडी रस्त्यात बंद पडायला लागली. तीन उशीर झाले आणि लंबूची लाइन काढून घेतली. त्या दिवशी अकरा पेटीवाले लॅबच्या फाटकाशी उभे राहिले. पेट्या खाली ठेवल्या आणि म्हणाले, लंबूला परत घ्या, नाहीतर आज एकही नमुना हलणार नाही. अशी एकी त्या फाटकानं त्याआधी पाहिली नव्हती. लॅबच्या साहेबांनी मग डॉक्टरला एकट्याला आत बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "तुम्ही यातले जाणकार. तुम्हीच सांगा, दोष गाडीचा की गाडीवाल्याचा?" डॉक्टरनं लंबूची गाडी आदल्याच आठवड्यात दारात तपासली होती. दारात ती व्यवस्थित चालली होती. त्यानं कागदावर लिहून दिलं: गाडीची निगा नीट ठेवलेली नाही, पेट्रोल हलक्या पंपाचं भरतात. खाली सही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी पेट्या उचलल्या.

संप मोडायला काठ्या लागत नाहीत. एक खुर्ची आणि एक कप चहा पुरतो.

लंबूची लाइन डॉक्टरच्या लाइनीला जोडण्यात आली. "मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्यानं घेतलीच असती," तो बायकोला म्हणाला होता. त्यावर तिनं फक्त मशीनमध्ये नवा दोरा ओवला होता. लंबू आता एका गोदामावर पहारेकरी होता. पायी जायचा. त्याची गाडी प्लॅस्टिक पांघरून तिथंच जिन्याखाली उभी होती. भिंतीच्या कडेनं जावं तसे दोघं एकमेकांच्या बाजूनं जायचे.

तर, साडेदहाला डॉक्टर निघाला. झाकण घट्ट लावलं, किल्ली फिरवली, पेटी पाठीला बांधली.

"येताना एक फोन करा," बायको म्हणाली. "पोचलात की."

"आज गाडी थांबली तर नाव बदलेन."

बाजारातले नऊ दवाखाने विनातक्रार झाले. मग लंबूच्या जुन्या लाइनीतले चार. शेवटच्या दवाखान्यातली नर्स नळ्या देताना म्हणाली, "डॉक्टर, आज वेळेत दिसताय." तो हसला. बारा वाजून वीस मिनिटांनी यार्डाच्या रस्त्याला लागला, तेव्हा हातात भरपूर वेळ होता. पहिले पाच किलोमीटर तो गाडीशी गोडीगुलाबीनं बोलत होता. सहाव्याला गप्प झाला. आठव्याला गाडीनं मिसिंग केलं, दोन आचके दिले आणि मेली.

उन्हात भिंतीचा चुना डोळ्यांत खुपत होता. घड्याळात बारा तेहतीस. डॉक्टर उतरला आणि या खेपेस प्लगला हात लावला नाही. प्लग नवा होता, कार्बोरेटर आरशासारखा होता, सुई सकाळची होती. दोष ठेवायला काही उरलंच नव्हतं. त्यानं सरळ नळी उपसली. दोन थेंब पडले आणि संपलं. कॉक उघडा. रिझर्व्हला फिरवला. काही नाही. वर भरलेली टाकी आणि खाली कोरडी नळी! नळी तोंडात धरून त्यानं ओढली. तोंड पेट्रोलनं भाजलं, तेवढंच. शेवटी आत बघायला म्हणून त्यानं झाकणाला किल्ली लावली.

स्स्स्स.

झाकण सहज निघालं नाही, कुणीतरी आतून धरल्यासारखं निघालं. आणि ते निघताच खालच्या लोंबत्या नळीतून करंगळीएवढी धार त्याच्या बुटावर पडली.

त्यानं कॉक बंद केला आणि तसाच उभा राहिला. त्या निर्मनुष्य रस्त्यावर पहिल्यांदाच त्याचं त्या आवाजाकडे लक्ष गेलं होतं. टाकी श्वास आत घेत होती. पेट्रोल खाली उतरतं तेव्हा त्याच्या जागी वरून हवा यावी लागते. हवा यायचं भोक त्यानं दगडानं बुजवलं होतं. बाजारातल्या थांब-चालीत चकतीच्या कडेनं चुकूनमाकून हवा मिळत असणार. चकती नवी होती तोवर लांब रस्त्यावरही मिळाली असेल, पुढं ती पेट्रोलनं फुगून चिकटत गेली. लांब रस्त्यावर, भरलेली टाकी, सलग मूठ पिळलेली, तिथं टाकी गुदमरत होती. दारात गुदमरत नव्हती, कारण दारात तपासताना झाकण नेहमी सीटवर काढून ठेवलेलं असायचं. ती त्याची शिस्त होती. आणि रस्त्यातही गाडी चालू झाली ती दर वेळी झाकण उघडून आत डोकावल्यावर. श्रेय मात्र कधी प्लगला, कधी कचऱ्याला.

मग लंबूचं झाकण डोळ्यांसमोर आलं. तसंच. त्याच हातांचं. आणि लंबूच्या लाइनीत तर हा रस्ता पहिल्यापासून होता.

बारा एक्केचाळीस. तीन किलोमीटर उरले होते. झाकण सैल ठेवून निघाला असता तर दहा मिनिटं हातात ठेवून पोचला असता. अरे माणसा, झाकण खिशात टाक, टाकीवर चिंधी ठेव आणि पळ! पण डॉक्टर रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला, झाकण उलटं धरलं, ट्यूबची चकती ओरबाडून काढली आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं तो मसाला खरवडायला लागला. मसाला दगड झालेला. टोक निसटून अंगठ्यात घुसलं. अंगठा तोंडात धरून पुन्हा खरवडायला लागला. आपल्या हातचं ते काम एक मिनिटही गाडीवर राहू द्यायचं नव्हतं त्याला. शेवटचा कपचा उडाला, भोक उघडं पडलं, त्यानं त्यातून आकाश पाहिलं. आणि मग घड्याळ. बारा अठ्ठावन्न.

नळी जोडली, झाकण लावलं, किक मारली. पुढचे तीन किलोमीटर गाडी वाऱ्यासारखी गेली.

लॅबच्या खिडकीत वेळ छापायचं मशीन असतं. कागद आत सारला की खटका पडतो. एक वाजून सात मिनिटं.

साहेब स्वतः खिडकीशी आले. वयानं डॉक्टरपेक्षा वीस वर्षांनी लहान, बोलायला मऊ. "तिसरा झाला, डॉक्टर."

"सात मिनिटं, साहेब. बर्फ बघा, कडा पण वितळल्या नाहीत."

"नमुने घेतलेत ना मी. नमुन्यांचं काही म्हणणं नाही."

"दोष सापडलाय आता. पुन्हा होणार नाही. झाकणाचं भोक होतं."

"काय होतं?"

डॉक्टरनं समजावून सांगितलं. हवा, पेट्रोल, भोक. साहेबांनी अदबीनं ऐकलं, मोबाइलकडे फक्त एकदा बघितलं.

"आणि साहेब, लंबूची गाडी पण ह्याच्यामुळंच. त्याची चूक नव्हती. ते भोक मी बुजवलं होतं, माझ्या हातानं. त्याला तरी परत घ्या."

"पण तुम्हीच लिहून दिलंय, डॉक्टर. फाइलला आहे. सही तुमची."

"ते चुकलं माझं. दुसरं लिहून देतो."

"कशासाठी?" साहेबांना खरंच कळलं नाही. "लाइनच नाहीये आता. सोमवारपासून दोन्हीकडे आपली व्हॅन फिरणार. तुमचा तिसरा कधी होतो तेवढंच बघत होतो, नाहीतर उगाच तुमच्यावर अन्याय झाला असता. पेटी आणि जॅकेट आत जमा करा. जॅकेट धुऊन दिलंत तरी चालेल."

फाटकाशी सात-आठ पेटीवाले उभे होते. सगळ्यांनी ऐकलं होतं. कुणी पुढं आलं नाही. एकानं फक्त गाडी जरा बाजूला घेतली, त्याला वाट द्यायला. त्यांच्याकडे काही मागायला डॉक्टरजवळ तोंड नव्हतं, आणि हे त्यांना माहीत होतं, त्यालाही.

फोन करायचा राहिला. घरी आला तेव्हा बायकोनं वरून पाहिलं, पाठीवर पेटी नाही हे पाहिलं आणि मशीन थांबवलं. ती जिना उतरून खाली आली. त्याचा अंगठा हातात घेऊन बघितला.

"गेली?"

"गेली."

"थांबली होती का गाडी?"

"मी थांबलो." मग तो म्हणाला, "लंबू आहे का घरी?"

तिनं त्याचा अंगठा सोडला. "अडीचला निघतो कामावर. आवरत असेल." मग तिनं विचारलं, "काय सांगणार आहात त्याला?"

लंबू स्वतःच खाली आला. हातात डबा, अंगावर पहारेकऱ्याचा खाकी शर्ट, बाह्या मनगटाच्या वर गेलेल्या. त्याच्या मापाचा शर्ट गोदामात नव्हता. नेहमीसारखा बाजूनं निघाला होता. डॉक्टरनं वाट अडवली आणि सगळं सांगून टाकलं. न थांबता, न सजवता. भोक, मसाला, दारातली तपासणी, तो कागद, सही. शेवटी म्हणाला, "तुझी गाडी चांगली होती. पेट्रोलही चांगलं होतं."

 लंबूनं आपल्या गाडीवरच्या प्लॅस्टिकवर हात ठेवला, काढला नाही, नुसता ठेवला.

"लाइन परत मिळतेय का?" त्यानं विचारलं.

"नाही. दोन्हीकडे व्हॅन."

"मग सांगितलंस कशाला?"

डॉक्टर टाकीच्या झाकणावरून बोट फिरवत राहिला.

"चार महिने मी ह्या गाडीला शिव्या देऊन झोपतोय," लंबू म्हणाला. आवाज चढला नाही. "बायकोला सांगितलं, नशीबच फुटकं, गाडी भंगार निघाली. तिनं मानलं. पोरांनी मानलं. बरं चाललं होतं. आता मी काय सांगू घरात? आणि शिव्या कुणाला देऊ?"

"मला दे."

"तुला द्यायला तू माझा कुणीतरी लागायला हवास ना."

वरच्या गॅलरीत लंबूची बायको येऊन उभी होती. डॉक्टरच्या बायकोनं मान खाली घातली.

डॉक्टरनं खिशातून किल्ली काढली. "वाजलेत बघ किती. उशीर होईल तुला. बस, सोडतो. गाडी आता थांबायची नाही."

लंबूनं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि गल्लीच्या तोंडाकडे चालायला लागला. जाता जाता म्हणाला, "चालतच जातो. मला वेळेवर पोचायचंय."

डॉक्टर गाडीशी उभा होता. बायको म्हणाली, चला वर. तो म्हणाला, येतो. मग ती एकटीच वर गेली, आणि बऱ्याच वेळानं मशीन सुरू झालं. आता घरात तेवढंच सुरू होतं.